रजा दिली हो पोरीला!

लंकाबाईचं एक होतं. चांगली बातमी कानावर पडली की तिचे हात शांत राहायचे नाहीत. कुणाच्या तरी हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय ती बातमी तिला पचायचीच नाही. शेजाऱ्याची म्हैस व्याली तरी ही आपल्या घरचा गूळ वाटत गल्लीभर फिरणार. मग स्वतःच्या लेकीची बातमी म्हटल्यावर विचारायलाच नको.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. घोटीत थंडी मी म्हणत होती. लंकाबाईची लेक छाया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. छाया नाशकात सातपूरला एका कारखान्यात कामाला होती. पंख्याच्या मोटरीत तांब्याच्या तारेची जी गुंडाळी असते ना, ती हाताने गुंडाळायचं काम. सहा वर्षं झाली होती, आणि त्यातली चार तर कायम म्हणून. घोटीत लंकाबाई कुणाशीही बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला 'आमची छाया कंपनीत परमनंट हाय' हे यायचंच. ऐकणारे कंटाळले, ती कंटाळली नाही.

बाळंतपण कामगारांच्या ईएसआय दवाखान्यात झालं, पण सीझर करावं लागलं. मुलगी झाली. दवाखान्यातून सोडल्यावर कुंदनने, म्हणजे जावयाने, टेम्पोत गादी अंथरून दोघींना घोटीला आणून सोडलं आणि स्वतः पिंपळगावला द्राक्षांच्या फेऱ्या मारायला निघून गेला. हंगाम सुरू झालेला, त्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता. डॉक्टरीणबाईंनी जाताना सांगितलं होतं, हिला महिनाभर जास्तीची विश्रांती लागेल. म्हणून बाळंतपणाची रजा एक महिना वाढवून मिळावी असं छायाने कुंदनकरवी कंपनीत कळवलं होतं. तेव्हापासून घरात एकच जप चालला होता: रजा मिळते का, रजा मिळते का.

आणि एका सकाळी पोपटशेठ आले.

पोपटशेठचं किराणा दुकान कोपऱ्यावर. गल्लीत फोन तेवढा त्यांच्याकडे, म्हणून छायाने कंपनीत तोच नंबर देऊन ठेवला होता. एरवी निरोप असला की ते दुकानातल्या पोऱ्याला पाठवायचे. त्या दिवशी स्वतः आले. लंकाबाई पाटावर पाय पसरून नातीला न्हाऊ घालत होती. पोपटशेठनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"लंकावहिनी, कंपनीतून फोन आला होता."

"काय म्हन्ले?"

पोपटशेठनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथं बाजेवर छाया शेक घेत पडली होती.

"रजा..." ते हळूच म्हणाले, "रजा दिली हो पोरीला. कुणीतरी येऊन साहेबांना भेटून जा म्हणाले." आणि चहालासुद्धा न थांबता मागं वळून चालू लागले.

"अगं बाई!" लंकाबाई एवढ्या जोरात ओरडली की बाळ दचकून रडायला लागलं. "छाया, ऐकलं का? दिली गं रजा! देव हाय गं, देव हाय!"

आतून छायाचा आवाज आला, "पगारी का बिनपगारी, विचारलंस का आई?"

"रजा ती रजा! पगाराचं मागून बघू."

दुपारपर्यंत पेढे आले आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या घोटीला वाटून झाले. पोपटशेठच्या दुकानात ती सगळ्यात आधी गेली होती. पेढा हातात घेऊन शेठ तसेच उभे राहिले. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. "खावा की शेठ," लंकाबाई म्हणाली, "तुमच्याच तोंडून गोड बातमी आली." शेठनी पेढा कसाबसा तोंडात टाकला आणि त्यांना जो ठसका लागला, तो पाणी प्यायलं तरी जाईना. पित्त झालं असणार, असं म्हणून लंकाबाईने त्यांना आवळा चघळायचा सल्ला दिला.

आता साहेबांना भेटून यायचं होतं. कुंदनला सवड नाही, छाया बाळंतीण, सव्वा महिना झाल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. राहिली कोण? लंकाबाई. तिने लगेच नव्या इंद्रायणीची पिशवी भरायला घेतली.

"हे काय गं?" छायाने विचारलं.

"साहेबाला नेते. नवा तांदूळ हाय, घर दरवळंल त्याचं."

"आई, साहेबाला कुणी तांदूळ नेतं का? लाच वाटेल ती!"

"लाच काम व्हायच्या आधी देत्यात," लंकाबाई म्हणाली. "काम झाल्यावर देत्यात त्याला आभार म्हन्तात. गप पड तू, टाके दुखतील."

शेजारच्या भागीबाईला लेक-नात सांभाळायला बसवून, एका हातात तांदळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा घेऊन लंकाबाई सकाळच्या एसटीने निघाली. नाशिकला सीबीएस स्टँडवर उतरली, सातपूरची बस विचारत विचारत पकडली. कंडक्टरला आपली लेक परमनंट असल्याचं सांगून झालं.

कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी होती. तिथं पाच-सात बायका डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक लंकाबाईने ओळखली. सुलाबाई. छायाच्या शेजारच्याच स्टुलावर बसणारी, बाळ बघायला दवाखान्यात झबलं घेऊन आलेली. लंकाबाईने आधी पुडा सोडला.

"घ्या गं पोरींनो, तोंड गोड करा. आमच्या छायाला रजा दिली ना तुमच्या साहेबानं!"

कुणी हात पुढं केला नाही. सुलाबाई उठली, लंकाबाईच्या हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिचा दंड धरला.

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं असं?"

"फोन आला व्हता की. रजा दिली म्हनून."

"अहो मावशी..." सुलाबाई म्हणाली. "ती रजा नव्हे. काढलंय छायाला. कामावरून काढलंय. जुनी माणसं काढलं म्हणायच्या ऐवजी रजा दिली म्हणतात, तसं म्हणालं असेल कुणी."

लंकाबाईच्या डोळ्यांपुढं पोपटशेठची टोपी आली. काढलेली आणि पुन्हा घातलेली. बाळंतिणीच्या घरात अभद्र शब्द उच्चारू नये म्हणून त्या भल्या माणसाने जुना, मऊ शब्द काढला होता, आणि हिने त्यालाच पेढा चारला होता. ती मटकन तांदळाच्या पिशवीवरच बसली.

"अर्ध्या घोटीला पेढे वाटून आले गं मी," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

सुलाबाईने सगळं सांगितलं. गुंडाळीचं यंत्र आलं होतं, हातकामाचं खातं बंद होणार होतं. जुन्या बायकांना कंपनीच्या अंबडच्या नव्या शेडमध्ये घेणार, नव्यांचा हिशेब करून त्यांना घरी पाठवणार. "छाया जुन्यात येते, मावशी. तिला अंबड मिळायलाच पाहिजे होतं. पण खैरनार साहेबाने काय केलं, जी समोर नाही तिचंच नाव आधी उडवलं. समोर असती तर भांडली असती ना! आता नाव गेलं की ईएसआयचं कार्ड गेलं, रजेचा पगार गेला, सहा वर्षं पाण्यात. उद्या दुसरीकडं लागली तरी पहिलीपासून सुरुवात."

"आन बाळंतिनीला असं काढता येतं?"

"येत नाही म्हणतात. कायदा आहे म्हणे. पण त्याला सांगणार कोण? आज सरकारी कामगार ऑफिसातल्या बाई आल्यात चौकशीला. आत साहेबाबरोबर चहा पितायत. आम्हाला काही गेटच्या आत घेत नाहीत. चला, तुम्ही आलाच आहात तर आपण सगळ्या मिळून गेटवर बोंब मारू!"

लंकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेलीच होती. तिचा आवाज असा, की भाताच्या खाचरात या टोकाला उभी राहून बोलली तर त्या टोकाचा बैल कान टवकारायचा. बोंब मारायला तिला काहीच जड नव्हतं. ती उठलीसुद्धा. मग गेटवरच्या दांडक्यावाल्या वॉचमनकडे तिने पाहिलं आणि थांबली.

"नाय गं," ती डोळे पुसत म्हणाली. "भांडायला आलेल्या बाईला गेटवर अडवत्यात. आभार मानायला आलेल्या बाईला कोन अडवतंय?"



लंकाबाईने तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला, पुडा पुन्हा नीट बांधला आणि चेहऱ्यावर बारशाला येतं तसं हसू आणलं. वॉचमनने विचारलं तेव्हा म्हणाली, "साहेबानं बोलावलंय, पेढे द्यायला आले. लेकीला मुलगी झाली." वॉचमनने एक पेढा घेतला, दुसरा खिशात टाकला आणि वाट दाखवली.

खैरनार साहेब सटाण्याकडचा माणूस, तसा वाईट नव्हता. वरचा मालक सांगेल ते करायचं आणि संध्याकाळी देवापुढं दिवा लावायचा, अशा बेताने त्याचं चाललं होतं. समोर खुर्चीत कामगार ऑफिसातल्या बाई बसल्या होत्या, चष्म्याची साखळी गळ्यात, बिस्किटाला हात न लावलेला. दार ढकलून लंकाबाई सरळ आत गेली आणि साहेबाच्या पायाशी तांदळाची पिशवी ठेवली.

"साहेब, तुमचे लय उपकार झाले!"

"कोण तुम्ही?" साहेब खुर्चीत मागं सरकला.

"मी छायाची आई, घोटीची. तुम्ही तिला रजा दिली ना, म्हनून आले. पेढा घ्या. बाईसाहेब, तुम्ही बी घ्या. नातीचा हाय."

"रजा?" साहेबाने विचारलं.

"असं काय करता साहेब! तुम्हीच फोन करायला लावला. रजा दिली हो पोरीला, असा निरोप आला आमाला. आमी सगळ्या गावाला सांगितलं, साहेब असावा तर असा! लेकरू महिन्याचं, पोरीच्या पोटाला टाके, दुसरा कुनी असता तर म्हन्ला असता, जा घरी. पन आमच्या साहेबाला बी आईबहीन हाय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. निरोप तोच आला होता. गावालाही तेच सांगितलं होतं.

बाईसाहेबांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "बाळंतपणाच्या रजेवर आहे का तुमची मुलगी?"

"व्हय बाईसाहेब. आन डाक्टरीन म्हन्ली अजून महिनाभर इसावा पाहिजे, तर तोबी दिला साहेबानं."

"खैरनार," बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही तर आत्ता मला सांगितलंत की बाळंतपणाच्या रजेवर एकही बाई नाही."

साहेबाच्या कपाळावर, जानेवारीच्या थंडीत, घाम आला. त्याने लंकाबाईकडे पाहिलं. ती पेढा पुढं करून उभी, तोंडभर हसत. त्याने बाईसाहेबांकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. आता 'रजा दिली नाही' म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, मग काय दिलं? आणि 'काढलं' असं त्या बाईंसमोर कोणत्या तोंडाने म्हणणार?

"राहिलं... राहिलं सांगायचं," साहेब म्हणाला. "एक आहे. छाया. हो, हो. रजेवर आहे ती."

"रजेत असताना बाईला कामावरून कमी करता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"कमी करतंय कोण बाई! रजा दिलीय म्हटलं ना. ह्या काय, आभार मानायला आल्यात."

"मग साहेब," लंकाबाईने पिशवी जरा आणखी पुढं सरकवली, "ती परत यायची कुठं? इथं का अंबडला? पोरगी इचारत व्हती. सहा वर्सं झालीत ना तिला कामाला."

साहेबाने समोरचा कागद उलटा केला.

"सांगा की," बाईसाहेब म्हणाल्या. "मलाही ऐकायचंय. सहा वर्षं झालेल्या बाईला कुठं घेणार?"

"अंबडला," साहेब म्हणाला.

"आन ती मधली रजा धरून, सहा वर्सं तीच ना साहेब? का नवीन म्हनून घ्याल? आमाला अडान्यांना काय कळत नाय, म्हनून इचारते."

"तीच. तीच सहा वर्षं."

"आन दवाखान्याचं कार्ड?"

"चालू राहील."

"म्हंजे लेकीला सांगू ना तसं? बाईसाहेबांसमोर म्हन्ला म्हनून?"

"बरं, मावशी," साहेबाने हात जोडले. "बरं! सांगा."

बाईसाहेबांनी पेढा उचलला आणि खाल्ला. म्हणाल्या, "छान आहे. बाळाचं नाव काय ठेवलं?"

"अजून नाय ठेवलं. पोरीची काळजी मिटू द्या म्हन्लं आधी."

साहेब लंकाबाईला दारापर्यंत सोडायला आला. खरं तर त्याला एकच गोष्ट विचारायची होती. व्हरांड्यात आल्यावर त्याने आवाज खाली आणला.

"मावशी, खरं सांगा. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"काय ठाऊक व्हतं साहेब?"

साहेबाला हसूच आलं. "काही नाही," तो म्हणाला. "तांदूळ न्या परत. मला नको."

"ठिवा हो. आता काम झालंय," लंकाबाई म्हणाली आणि चालू लागली.

गेटबाहेर सुलाबाई आणि बाकीच्या बायका वाट बघत उभ्या होत्या. लंकाबाईने सगळं सांगितलं, खैरनार साहेबाच्या घामासकट. बायका हसून हसून टपरीच्या बाकड्यावर पडायच्या राहिल्या. एकीला चहा नाकात गेला. आता मात्र सगळ्यांनी पेढे घेतले. त्यातल्या दोघींचा हिशेब झालेला होता, त्यांनीही घेतले. त्या दोघींच्या हातावर लंकाबाईने दोन-दोन ठेवले.

घोटीला पोचेपर्यंत दिवस कलला होता. दारातच पोपटशेठ बसलेले. भागीबाई म्हणाली, दुपारपासून बसलेत, पाणीसुद्धा घेत नाहीत.

लंकाबाईला पाहताच शेठ उठले. "वहिनी, मला माफ करा. रात्रभर डोळा नाही लागला. अहो, ते फोनवर म्हणाले, छायाला कामावरून कमी केलं, हिशेब घेऊन जा. मला तो शब्द ह्या उंबऱ्यात काढवेना. म्हणून रजा म्हणालो. आमच्या वेळी तसंच म्हणायचे. तुम्ही पेढे वाटलेत, आणि मी नालायक, खाल्ला!"

आतून छायाचं "काय?" ऐकू आलं. भिंतीला धरून ती दारापर्यंत आली. चेहरा पांढराफटक.

"आई, काढलं मला?"

"काढलं व्हतं," लंकाबाई म्हणाली. "आता नाय. बस खाली आधी."

तिने छायाला बाजेवर बसवलं, बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि गेटपासून व्हरांड्यापर्यंतची हकिकत सांगितली. अंबड. तीच सहा वर्षं. कार्ड चालू. छाया आधी रडली, मग हसली, मग टाक्यांना धरून "हसवू नको गं" म्हणत पुन्हा हसली. पोपटशेठनी दोन्ही हात कानाला लावले.

"तुमी कशाला माफी मागता?" लंकाबाई त्यांना म्हणाली. "तुमी नीट 'काढलं' म्हन्ला असता, तर आमी मायलेकी घरात रडत बसलो असतो. कोन जातंय सातपूरला? उद्यापासून समदे निरोप तुमीच सांगा. असेच चुकीचे सांगा."

शेठ गेले. भागीबाई गेली. छाया बाळाला पाजत होती.

"आई, तुला भीती नाही वाटली? साहेब, ती सरकारी बाई..."

"वाटली की."

"मग सुचलं कसं?"

लंकाबाई शेगडीतले निखारे हलवत होती. एक जुनी गोष्ट इतक्या वर्षांत तिच्या स्वतःच्याही डोक्यात आली नव्हती. आली ती आत्ता.

"तुझ्या येळी मी भातगिरनीत व्हते," ती म्हणाली. "चार वर्सं काढली व्हती तिथं. तू झाली. दीड महिन्यानं तुला झोळीत घालून कामावर गेले, तर मुकादम म्हन्ला, तुला रजा दिली. मला वाटलं, भला मानूस हाय, अजून घरी बस म्हन्तोय. लय दिवसांनी कळलं. मग पुन्हा घेतलं त्यांनी, पर नवी बाई म्हनून, नव्या बाईच्या मजुरीवर. मी म्हन्लं, माजी चार वर्सं? तर म्हन्ला, कुठली चार वर्सं?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? बरं म्हन्ले."

छायाने बाळाच्या टाळूवरून हात फिरवला.

"आज मातुर 'बरं' साहेब म्हन्ला," लंकाबाई म्हणाली. "दोनदा म्हन्ला."